दावा, तपासणी आणि परवाना : सॉफ्टवेअर-सुरक्षेच्या अभ्यासाची प्रस्तावना

मे २०२० मध्ये राधानगरी तालुक्यातल्या गावांत मुंबई-पुण्याहून परतलेली माणसे शाळांच्या खोल्यांत चौदा दिवस काढत होती आणि त्यांतल्या अनेकांच्या फोनमध्ये ‘आरोग्य सेतू’ हे ॲप होते. केंद्र सरकारने २ एप्रिलला आणलेले हे ॲप ब्लूटूथ आणि जीपीएसच्या आधारे चालत असे. आपण एखाद्या बाधित माणसाच्या जवळ येऊन गेलो का, हे ते सांगे. शिवाय आपल्याभोवती ठरावीक अंतरात किती ॲपधारक आजारी किंवा बाधित आहेत, याचा आकडाही दाखवी. ५ मे रोजी रोबेर बाप्टिस्ट या फ्रेंच सुरक्षा संशोधकाने जाहीर केले की या ॲपमध्ये दोष आहे. काही तासांतच ॲप चालवणाऱ्यांचे उत्तर आले, की कोणाचीही माहिती फुटलेली नाही.

हे उत्तर आणि तो आरोप शेजारी ठेवून वाचले की एक गोष्ट ध्यानात येते. काय घडले, याबद्दल दोन्ही बाजूंचे फारसे दुमत नव्हतेच. ॲप सर्व्हरला विचारत असे, की या अक्षांश-रेखांशाभोवती इतक्या अंतरात किती बाधित आहेत? बाप्टिस्टचे म्हणणे असे, की आपण जिथे नाही तिथले अक्षांश-रेखांश टाकूनही उत्तर मिळते, म्हणजे दिल्लीतल्या एखाद्या कार्यालयात किती जण आजारी आहेत ते फ्रान्समध्ये बसून कळते. ॲपवाल्यांचे म्हणणे असे, की ही माहिती सगळ्या ठिकाणांसाठी खुलीच ठेवलेली आहे, अंतराचे पर्याय पाचच आहेत (पाचशे मीटर, एक, दोन, पाच आणि दहा किलोमीटर) आणि त्यातून कोणत्याही एका व्यक्तीची ओळख पटत नाही. एकाला जो दोष वाटला ती दुसऱ्याच्या लेखी सोय होती.

आता हाच आकडा दाजीपूरच्या बाजूच्या एखाद्या वाडीवर ठेवून बघा. मुंबईत पाचशे मीटरच्या वर्तुळात हजारो माणसे येतात. तिथे ‘एक बाधित’ म्हटल्याने कोणाचेच नाव पुढे येत नाही. आमच्याकडच्या वाडीत तेवढ्या वर्तुळात मोजकी घरे, त्यातही स्मार्टफोन असलेली त्याहून कमी, आणि परवा मुंबईहून कोण आले हे सगळ्या वाडीला ठाऊक. तिथे ‘एक’ हा आकडा म्हणजे नाव घेतल्यासारखेच. एकच सॉफ्टवेअर, एकच दावा. तो मुंबईत बऱ्यापैकी खरा आणि वाडीत खोटा ठरतो. ‘हे सॉफ्टवेअर सुरक्षित आहे’ हे वाक्य त्यामुळे अर्धेच राहते. काय सांभाळायचे आहे, कोणापासून, आणि कोणत्या परिस्थितीत, हे सांगितल्याशिवाय ते तपासताच येत नाही; आणि जे तपासता येत नाही त्यावर वाद घालून हाती काही लागत नाही. या विषयात येणाऱ्या प्रत्येकाचे मी मनापासून स्वागत करतो, आणि पहिली विनंती हीच करतो, की दावा ऐकला की तो आधी पूर्ण करून घ्या.

‘आरोग्य सेतू’ची गोष्ट इथेच संपली नाही, आणि पुढचा भाग आपल्या विषयाच्या दुसऱ्या अंगाकडे नेतो. २६ मे २०२० रोजी सरकारने जाहीर केले, की ॲपचा सोर्स कोड आता सगळ्यांसाठी खुला आहे, आणि दोष शोधून देणाऱ्यांसाठी बक्षिसेही ठेवली. त्याआधी ॲपच्या अटींमध्ये ते उलगडून तपासायलाच मनाई होती, त्यामुळे हे पाऊल मोठे होते आणि त्याचे स्वागतही झाले. पण त्या दिवशी खुला झाला तो फक्त अँड्रॉइड आवृत्तीचा कोड. आयफोनचा कोड पुढे काही महिन्यांनी आला आणि सर्व्हरचा कोड नोव्हेंबरमध्ये. माहिती साठत होती ती सर्व्हरवर. ती तिथे किती दिवस राहते आणि कोणाला दिसते, हे फोनमधला कोड वाचून कळणारे नव्हते. मग मधल्या सहा महिन्यांत हे ॲप ओपन सोर्स होते की नव्हते?

दोन्ही बाजूंचे लोक इथे जोरजोरात बोलले, आणि मला वाटते बऱ्याच जणांनी दोन वेगळे प्रश्न एकाच प्रश्नात कोंबले. एक प्रश्न परवान्याचा. अँड्रॉइडचा कोड ‘अपाची २.०’ या परवान्याखाली दिला होता आणि तो निर्विवादपणे ओपन सोर्स परवाना आहे. दुसरा प्रश्न व्याप्तीचा, म्हणजे ज्या व्यवस्थेबद्दल दावा केला जातो तिचा किती भाग आपल्यापुढे आहे? पहिल्याचे उत्तर ‘हो’ आणि दुसऱ्याचे ‘अर्धा’ असू शकते, आणि त्या काळात तसेच होते. टेलिग्रामचेही तसेच आहे. फोनमधल्या ॲपचा कोड खुला, सर्व्हरचा बंद.

परवान्याच्या प्रश्नाला थोडा इतिहास आहे. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू प्रकल्पाची घोषणा केली आणि १९८५ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन उभे केले. वापरणाऱ्याला चालवण्याचे, अभ्यासण्याचे, वाटण्याचे आणि सुधारून पुन्हा वाटण्याचे स्वातंत्र्य असलेच पाहिजे, ही त्यांची भूमिका होती, आणि ती नीतीची भूमिका होती. ‘ओपन सोर्स’ हे नाव ख्रिस्टीन पीटरसन यांनी फेब्रुवारी १९९८ मध्ये सुचवले. त्याच वर्षी ओपन सोर्स इनिशिएटिव्ह ही संस्था निघाली आणि ब्रूस पेरेन्स यांनी डेबियन या लिनक्स-प्रणालीच्या प्रकल्पासाठी तयार केलेल्या मार्गदर्शक सूत्रांवरून तिने दहा अटींची व्याख्या घेतली. कोड दिसतो एवढ्याने ती व्याख्या पुरी होत नाही. तो बदलून वाटता आला पाहिजे, आणि कोणी वापरायचा किंवा कशासाठी वापरायचा यावर बंधन नको.

ही शेवटची अट गेल्या काही वर्षांत अनेक कंपन्यांना जड जाऊ लागली. आपला कोड मोठ्या क्लाउड कंपन्या फुकट घेतात आणि त्यावर पैसा करतात, ही त्यांची तक्रार. ती खोटी नाही. ऑक्टोबर २०१८ मध्ये मोंगोडीबी या डेटाबेस कंपनीने नवा परवाना आणला. सॉफ्टवेअर सेवा म्हणून विकायचे असेल तर भोवतालच्या सगळ्या व्यवस्थेचा कोडही खुला करा, अशी त्याची अट होती. ओपन सोर्स इनिशिएटिव्हची मान्यता त्याला मिळाली नाही आणि कंपनीने मार्च २०१९ मध्ये अर्ज मागे घेतला. मग जानेवारी २०२१ मध्ये इलॅस्टिक, ऑगस्ट २०२३ मध्ये हॅशिकॉर्प, मार्च २०२४ मध्ये रेडिस यांनीही परवाने बदलले. रेडिसचा परवाना बदलल्यावर काही दिवसांतच लिनक्स फाउंडेशनच्या छायेत ‘वाल्की’ ही फांदी निघाली, आणि मे २०२५ मध्ये रेडिसने पुन्हा एक मान्यताप्राप्त ओपन सोर्स परवाना पर्याय म्हणून ठेवला. इलॅस्टिकनेही २०२४ मध्ये तेच केले.

हा वकिली कीस सुरक्षेच्या पुस्तकात कशाला, असे तुम्ही विचाराल. माझे उत्तर दुरुस्तीत आहे. कोड वाचायला मिळाला आणि त्यात दोष सापडला, तर पुढे काय? मूळ कंपनीने दुरुस्त केला तर उत्तमच. तिने टाळाटाळ केली, किंवा कंपनी बंद पडली, तर ज्याला दोष सापडला त्याने स्वतः दुरुस्ती करून ती दुसऱ्यांना देता येते का, हे परवाना ठरवतो. नुसता दिसणारा कोड तुम्हाला साक्षीदार करतो. ओपन सोर्स परवाना दुरुस्ती हातात घेण्याचा आणि ती पुढे वाटण्याचा अधिकार देतो. म्हणून ‘दिसतो आहे ना, मग झाले’ असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही.

आता उलट बाजू. खुला कोड म्हणजे सुरक्षित कोड, हा समज इतका पसरलेला आहे, की त्याच्यावर या विषयातला बराच वेळ खर्ची पडतो. त्यासाठी ‘हार्टब्लीड’चे प्रकरण जवळून पाहण्यासारखे आहे. ओपनएसएसएल हे सॉफ्टवेअर जगातल्या असंख्य वेबसाइटींचे दळणवळण सांभाळते. त्यात एक छोटी सोय होती. जोडणी जिवंत आहे का, हे बघायला एक बाजू दुसरीला थोडा मजकूर पाठवते आणि दुसरीने तोच परत पाठवायचा. या संदेशात मजकुराची लांबी लिहायला दोन बाइट ठेवलेल्या, म्हणजे जास्तीत जास्त ६५,५३५. पाठवणाऱ्याने मजकूर एकच बाइटचा पाठवला आणि लांबी मात्र ६५,५३५ लिहिली तर? सर्व्हरने लिहिलेल्या आकड्यावर विश्वास ठेवला, खरा मजकूर किती आला ते मोजले नाही, आणि आपल्या स्मृतीतून तेवढ्या बाइट उचलून परत पाठवल्या. पहिली बाइट मागणाऱ्याची, बाकीच्या ज्याच्या त्याच्या. कोणाचा पासवर्ड, कोणाची कुकी, कधी खुद्द सर्व्हरची गुप्त किल्ली. नोंदवहीत या उचलेगिरीचा मागमूस राहत नसे.

हा दोष १.०.१ या आवृत्तीतून मार्च २०१२ मध्ये बाहेर पडला आणि एप्रिल २०१४ मध्ये जाहीर झाला. गूगलचे नील मेहता आणि कोडेनोमिकॉन या फिनिश कंपनीचे अभियंते यांनी तो स्वतंत्रपणे शोधला. मधली दोन वर्षे कोड सगळ्या जगापुढे उघडा होता. वाचायचा अधिकार सगळ्यांना होता, वाचले मात्र फार थोड्यांनी. ज्या सॉफ्टवेअरवर बँका आणि सरकारे टेकून उभी होती त्याला वर्षाकाठी देणग्या मिळत होत्या सुमारे दोन हजार डॉलरच्या. अनेक डोळे लागले की दोष उथळ होतात, असे एक सूत्र या क्षेत्रात लिनस टॉरव्हाल्ड्सच्या नावाने सांगितले जाते. सूत्र खोटे नाही, पण ते डोळे कुठून येणार आणि त्यांचा पगार कोण देणार, याबद्दल ते गप्प आहे.

डेबियनचे प्रकरण मला याहून जास्त शिकवणारे वाटते. कारण तिथे दोष घातला तो काळजी घेणाऱ्या हातांनीच. २००६ मध्ये डेबियनच्या एका स्वयंसेवकाने ओपनएसएसएलमधल्या दोन ओळी बंद केल्या, कारण तपासणीचे एक अवजार त्या ओळींवर सारखे इशारे देत होते. त्या ओळींमधूनच गुप्त किल्ली बनवायला लागणारा यादृच्छिकपणा येत होता. त्या बंद झाल्यावर उरला फक्त प्रक्रियेचा क्रमांक, म्हणजे सुमारे बत्तीस हजार शक्यता. ज्या किल्ल्या विश्वाच्या आयुष्यात कोणाला ओळखता येऊ नयेत त्या आता दुपारभरात मोजून संपत होत्या. लुसियानो बेयो यांना हे कळले आणि मे २००८ मध्ये ते जाहीर झाले, तोवर दीड वर्षाहून अधिक काळ या किल्ल्या जगभर वाटल्या जात होत्या. बदल उघड्यावर केला होता. ज्यांनी पाहिला त्यांना तो साफसफाईचा वाटला.

म्हणजे मग झाकून ठेवलेले बरे? हा वाद संगणकाहून जुना आहे. लंडनमध्ये १८५१ च्या जागतिक प्रदर्शनाच्या वेळी आल्फ्रेड हॉब्ज या अमेरिकन कुलूपकाराने आधी चब कंपनीचे प्रसिद्ध कुलूप उघडून दाखवले आणि मग ब्रामा कंपनीच्या दुकानाच्या खिडकीत १७९० पासून दोनशे गिनींच्या बक्षिसासह टांगलेले कुलूपही. दुसऱ्याला सोळा दिवसांत मिळून ५१ तास लागले. हे उघडपणे दाखवावे की नाही, यावर तेव्हा वृत्तपत्रांत खडाजंगी झाली. चोरांना शिकवता कशाला, असे लोक म्हणाले. हॉब्जच्या बाजूचे म्हणाले, चोरांना हे आधीच ठाऊक असते. अंधारात असतो तो कुलूप विकत घेणारा. १८८३ मध्ये ऑग्युस्त केरखॉफ्स या भाषेच्या प्राध्यापकाने लष्करी सांकेतिक लेखनाबद्दल लिहिताना हाच विचार नियमाच्या रूपात मांडला. पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी चालले पाहिजे; गुपित राहावी ती फक्त किल्ली.

राधानगरीच्या माणसाला हा नियम समजायला पुस्तक लागत नाही. भोगावतीवर राजर्षी शाहू महाराजांनी सुरू केलेल्या आमच्या धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ठरलेल्या पातळीला पोहोचले की ते आपोआप उघडतात, आणि प्रत्येकातून १,४२८ क्युसेक पाणी सुटते. ही पातळी गुपित नाही. पावसाळ्यात ती रोज जाहीर होते आणि खाली कोल्हापूरपर्यंतचा नदीकाठ तिच्यावर लक्ष ठेवून असतो. दरवाजा कसा उघडतो हे साऱ्यांना कळल्याने धरण कमकुवत होत नाही. उलट खालच्या माणसाला आपला हिशेब मांडता येतो. सांकेतिक लेखनाच्या चांगल्या पद्धती अशाच असतात. तुमच्या बँकेचे ॲप ज्या पद्धतीने माहिती झाकते ती पद्धत वर्षानुवर्षे जगभरच्या गणितज्ञांनी फोडायचा प्रयत्न करून टिकलेली आहे, आणि तिच्यावरचा विश्वास त्या प्रयत्नांतून आलेला आहे.

मात्र पद्धत खुली आणि ती राबवणारा कोड बंद, असेही होते. व्हॉट्सॲपचे उदाहरण सगळ्यांच्या खिशात आहे. संदेश झाकण्याची त्याची पद्धत ‘सिग्नल’ची, जाहीर आणि अभ्यासलेली, ॲपचा कोड मात्र बंद. मे २०१९ मध्ये त्याच्या कॉल करण्याच्या सोयीतला दोष वापरून सुमारे १,४०० जणांच्या फोनमध्ये ‘पेगासस’ हे हेरगिरीचे सॉफ्टवेअर शिरवल्याचे बाहेर आले. लक्ष्य केलेल्यांत भारतातले वकील आणि कार्यकर्तेही होते. संदेश झाकण्याची पद्धत तेव्हा फुटली नव्हती. ज्या फोनवर संदेश उघडून वाचला जातो तो फोनच ताब्यात गेला होता. जाहिरातीतला दावा खरा होता आणि त्या माणसांच्या काही उपयोगाचा नव्हता. कोणापासून, हा प्रश्न मी सुरुवातीला विचारायला सांगितला तो याचसाठी.

मतदान यंत्रांचा वाद या पुस्तकाच्या वाचकाला टाळता येणार नाही, आणि तो टाळू नये असे मला वाटते. त्याचा एक महत्त्वाचा प्रसंग महाराष्ट्राशी जोडलेला आहे. २०१० मध्ये हैदराबादचे हरिप्रसाद, मिशिगन विद्यापीठाचे ॲलेक्स हाल्डरमन आणि नेदरलँड्सचे रॉप गोंग्रायप यांनी भारतीय यंत्रावर प्रत्यक्ष हल्ले करून दाखवणारा अभ्यास प्रसिद्ध केला. यंत्र मुंबईतल्या सरकारी साठ्यातून गेल्याचा आरोप होता, म्हणून ऑगस्टमध्ये हरिप्रसाद यांना हैदराबादेत अटक करून मुंबईला आणले गेले. पुढे त्यांना जामीन मिळाला. यंत्र कोणत्याही जाळ्याशी जोडलेले नाही, त्यातला प्रोग्राम बदलता येत नाही आणि कडेकोट पहारा असतो, अशी निवडणूक आयोगाची भूमिका राहिली. हल्ला करायला यंत्र हाती यावे लागते, हे संशोधकांच्याही मांडणीत होते. म्हणजे खरा वाद पुन्हा त्याच जागी आला : यंत्र कोणाच्या हाती येऊ शकते असे आपण धरून चालायचे?

सोर्स कोड खुला करा, ही मागणी इथे सतत होते. मला ती रास्त वाटते, पण पुरेशी वाटत नाही. खुला केलेला कोडच आपल्या बूथवरच्या यंत्रात आहे, हे मतदाराला कसे कळणार? रॉन रिव्हेस्ट आणि जॉन वॅक यांनी २००६ मध्ये याच्यावर वेगळा उपाय सुचवला. सॉफ्टवेअरमध्ये लक्षात न आलेली चूक असली, तरी तिच्यामुळे निकालात लक्षात न येणारा बदल होऊ नये, अशी व्यवस्था बांधा. मतदानाच्या वेळी छापल्या जाणाऱ्या कागदी चिठ्ठीचा खरा अर्थ तोच आहे. २०१९ पासून प्रत्येक विधानसभा क्षेत्रातल्या पाच केंद्रांच्या चिठ्ठ्या यंत्राच्या आकड्याशी ताडल्या जातात. २६ एप्रिल २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सगळ्या चिठ्ठ्या मोजण्याची मागणी फेटाळली. मात्र दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवारांना पाच टक्के यंत्रांतली स्मृती तपासून घेण्याची मुभा दिली. पाच केंद्रे पुरेशी की अपुरी, हा संख्याशास्त्राचा प्रश्न आहे. तो घोषणांनी सुटत नाही, गणिताने बराचसा सुटतो, आणि ते गणित बी.एस्सी.च्या विद्यार्थ्याला झेपणारे आहे.

वाचलेला कोड आणि चालणारा प्रोग्राम एकच आहेत का, ही शंका केन थॉम्पसन यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ट्युरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात टोकाला नेली. कोडचा प्रोग्राम करणारा कंपायलरच बिघडवला, तर स्वच्छ कोडमधूनही चोरदार असलेला प्रोग्राम बाहेर पडतो. आणि कंपायलरच्या स्वतःच्या कोडमध्येही काही सापडत नाही. चाळीस वर्षांनी, मार्च २०२४ मध्ये, याचाच एक चुलत प्रकार ‘एक्सझेड’च्या रूपाने समोर आला. अँड्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेस डेटाबेसच्या अभियंत्याला आपल्या यंत्रावर दूरस्थ प्रवेशाला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आहे असे दिसले. त्याने ते सोडून दिले नाही. धागा ओढत तो फाइली आवळणाऱ्या एका साध्या कोड-लायब्ररीपर्यंत पोहोचला. दोन-तीन वर्षे मनापासून काम करून विश्वास मिळवलेल्या ‘जिया टॅन’ नावाच्या कोणीतरी तिथे चोरदार बसवले होते. त्याला जागे करणारी फाइल प्रकल्पाच्या उघड्या कोडभांडारात नव्हती. ती होती फक्त वाटपासाठी बांधलेल्या गठ्ठ्यात. भांडार वाचणाऱ्याला ती दिसलीच नसती. डेबियनमध्ये २०१३ पासून चाललेले पुनरुत्पादनक्षम बांधणीचे काम याच्याशी जोडून वाचा. एकाच कोडमधून कोणीही, कुठेही बांधले तरी बाइटला बाइट तोच प्रोग्राम निघावा, म्हणजे वाटलेली वस्तू ताडून बघता येईल, असा त्याचा हेतू आहे.

हे सगळे परदेशातले आणि मोठ्या यंत्रांचे वाटत असेल, तर राधानगरीतल्या कोणत्याही सेवा केंद्रात जाऊन डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा काढा. १ मे २०१८ पासून राज्यात तो मिळतो, आणि त्याचे सरकारी शुल्क पंधरा रुपये आहे. पीडीएफ उघडली की अनेकदा स्वाक्षरीच्या जागी पिवळे प्रश्नचिन्ह दिसते. अर्थ एवढाच, की स्वाक्षरीच्या प्रमाणपत्रामागच्या भारतीय मूळ संस्थेवर तुमच्या संगणकाने अजून विश्वास ठेवलेला नाही. ती साखळी तपासून मान्य केली की हिरवी खूण येते. त्या खुणेचा दावा नेमका असा, की स्वाक्षरी झाल्यापासून या फाइलीत एक अक्षरही बदललेले नाही. नोंद खरी आहे, असा तिचा दावा नाही. तलाठी दप्तरात हिस्सा चुकला असेल, तर स्वाक्षरी त्या चुकीचीही तेवढ्याच निष्ठेने राखण करते. शेतकरी ही फाइल छापून बँकेत देतो. कागदावर छापल्याबरोबर ती गणिती स्वाक्षरी नाहीशी होते. उरते तिचे चित्र. कागदाची खातरजमा मग त्यावरच्या पडताळणी क्रमांकाने संकेतस्थळावर करावी लागते. ज्याने क्रमांक टाकून पाहिला नाही त्याने काहीच तपासले नाही. स्वाक्षरीची पद्धत इथे खुली आहे आणि संकेतस्थळाच्या मागचा कोड नाही. या एका पंधरा रुपयांच्या कागदात आपल्या विषयाचे बहुतेक प्रश्न बसतात, आणि तो इथल्या प्रत्येक घरात आहे. म्हणून हा अभ्यास मराठीत व्हावा, असे मी आग्रहाने म्हणतो. दावा ज्या भाषेत माणसाला सांगितला जातो, त्याच भाषेत त्याला उलट प्रश्न विचारता आला पाहिजे.

कामाला लागण्याआधी कायद्याबद्दल एक स्पष्ट सांगणे. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ नुसार मालकाच्या परवानगीशिवाय दुसऱ्याच्या संगणकात शिरल्यास भरपाई द्यावी लागू शकते, हेतू कितीही चांगला असो; आणि तेच अप्रामाणिकपणे किंवा कपटाने केले तर कलम ६६ नुसार तो गुन्हा ठरतो. तपासणी आपल्या यंत्रावर, आपण उतरवून घेतलेल्या कोडवर करा. दोष सापडला तर आधी बनवणाऱ्याला कळवा. भारतात सर्ट-इन ही सरकारी संस्था हे काम समन्वयाने पाहते. खुल्या कोडचा नवख्याला सर्वांत मोठा आधार हाच आहे, की शिकायला कोणाच्या दारात घुसावे लागत नाही.

वाट दाखवणारेही जवळ आहेत. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाचे लिनक्स आणि सी भाषेचे धडे मराठीतही ऐकायला मिळतात. मुंबईत घडलेले ‘ईआरपीनेक्स्ट’ हे हिशेब-व्यवसायाचे सॉफ्टवेअर जीपीएल परवान्याखाली पूर्ण खुले आहे. खरे वापरले जाणारे, मोठे आणि आपल्या माणसांनी लिहिलेले काही वाचायचे असेल तर ते घ्या. ज्यांना परवान्यांत रस आहे त्यांच्यासाठी ताजा वाद भाषा-प्रारूपांचा आहे. मेटाच्या ‘लामा’ या प्रारूपाचे आकडे (वेट्स) कोणालाही उतरवून घेता येतात, पण सत्तर कोटींहून अधिक मासिक वापरकर्ते असलेल्या कंपन्यांना वेगळी परवानगी लागते, आणि ते कोणत्या मजकुरावर घडवले तो मजकूर मिळत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये ओपन सोर्स इनिशिएटिव्हने अशा प्रणालींसाठी व्याख्या काढली. त्यात प्रारूप ज्यावर घडवले तो सगळा मजकूर देण्याची सक्ती नाही, त्याचे पुरेसे तपशील दिले की चालते. माझ्या मते ही सवलत चुकीची आहे. मजकूर न पाहता त्यात काय पेरले आहे हे तपासायची रीत आज तरी कोणाकडे नाही. तुम्हाला वेगळे वाटले तर ते पुराव्यासह मांडा. या क्षेत्राला त्याचीच गरज आहे.

आणि सुरुवात कुठून, असे विचाराल तर ओपनएसएसएलच्या १.०.१जी या आवृत्तीत हार्टब्लीडची जी दुरुस्ती झाली ती काढून वाचा. आधीची फाइल डावीकडे, नंतरची उजवीकडे ठेवा. लांबीचा आकडा कुठे वाचला जातो ती ओळ शोधा, तो मजकूर उचलताना कुठे वापरला जातो ती शोधा, आणि दोन्हींच्या मध्ये नव्याने आलेली तपासणी पाहा. दुरुस्ती अवघ्या काही ओळींची आहे, आणि सी भाषेचे पहिले वर्ष झालेल्या कोणालाही ती एका संध्याकाळी कळते.

राधानगरी